रफाराची दुरुस्ती आणि सात आठवड्यांची शांतता : ठाणे–नवी मुंबईतील एका ओपन सोर्स प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

प्रकरण कशाचे आहे

जुन्या मराठी फॉन्टांमध्ये टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संगणकीय अक्षरसंहितेत, आणणाऱ्या एका लहान ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रकल्पाचे हे प्रकरण आहे. प्रकल्पातली माणसे ठाणे आणि नवी मुंबईत राहतात. व्यक्ती, वाचनालय आणि महाविद्यालय यांची नावे व ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी स्वतः या प्रकल्पाचा दुसरा मेंटेनर, म्हणजे आलेले बदल तपासून स्वीकारणारा, आहे आणि पुढे नोंदवलेल्या चुकांपैकी सर्वांत महाग पडलेली चूक माझ्या सूचनेवरून झाली आहे. दर्जा सांभाळायचा तर दारे थोडी लावून घ्यावी लागतात, आणि माणसे हवी असतील तर दर्जाबाबत थोडे सैल व्हावे लागते, असे प्रकल्पाचा मूळ लेखक आणि मी, आम्ही दोघेही धरून चाललो होतो. ही समजूत कशी चुकीची ठरली, हे सांगण्यासाठी हे टिपण लिहीत आहे.

पार्श्वभूमी

युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी डीटीपीचे बहुतेक काम ज्या फॉन्टांत होई, त्यांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. पडद्यावर 'वार्षिक अहवाल' असे स्वच्छ दिसे, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची एक रांग असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अशी फाइल उघडली की काहीही वाचता येत नाही, आणि फॉन्ट असला तरी तिच्यात मराठी शब्द टाकून शोध घेता येत नाही. वाचनालये, शाळा, पतपेढ्या, गृहनिर्माण संस्था आणि दिवाळी अंकांचे संपादक यांच्याकडे अशा फाइलींचे गठ्ठे आजही पडून आहेत.

ठाणे पूर्वेतील एका सार्वजनिक वाचनालयाला आपले जुने वार्षिक अहवाल आणि ग्रंथसूची शोधता येईल अशा स्वरूपात हवी होती. वाचनालयाचा एक सभासद महाप्याच्या एमआयडीसीत सॉफ्टवेअरची नोकरी करतो. त्याने शनिवार-रविवार बसून एक रूपांतरक लिहिला आणि तो जीपीएल या खुल्या परवान्याच्या २००७ सालच्या तिसऱ्या आवृत्तीखाली सर्वांसाठी खुला केला. वाशीतले एक-दोन डीटीपी ऑपरेटर तो वापरू लागले, मग कोणी शाळेच्या स्मरणिकेसाठी वापरला, आणि ऐरोलीत मी आमच्या सोसायटीच्या जुन्या इतिवृत्तांसाठी वापरला. मी या कामात शिरलो तो असा.

असे रूपांतर अक्षरामागून अक्षर बदलून होत नाही, ही गोष्ट बाहेरच्या माणसाच्या चटकन ध्यानात येत नाही. जुने फॉन्ट चिन्हे दिसतात त्या क्रमाने साठवतात, तर युनिकोड ती उच्चाराच्या क्रमाने साठवतो. 'वार्षिक' हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टात त्याचा क्रम व, काना, ऱ्हस्व वेलांटी, ष, रफार, क असा असतो. युनिकोडमध्ये वेलांटी 'ष'नंतर यायला हवी आणि रफाराचा 'र्' त्याच 'ष'च्या आधी. वेलांटी हलवली आणि रफार मात्र एकच घर मागे सरकवला, तर 'र्' हा 'ष' आणि वेलांटी यांच्या मध्ये घुसतो आणि वेलांटी टिंबांच्या एका वर्तुळावर अधांतरी लटकते. 'कार्यकर्त्यांनी' या शब्दात तर शेवटचा रफार काना, 'य' आणि अर्धा 'त्' ओलांडून मागे न्यावा लागतो, शिवाय काही फॉन्टांत रफार आणि अनुस्वार मिळून एकच चिन्ह असते, ते आधी फोडावे लागते. मूळ लेखकाने अशा अडचणी जशा समोर येतील तशा एकेक अट घालून सोडवल्या होत्या. त्यामुळे मधल्या फंक्शनमध्ये अटींची एक लांबच लांब शिडी तयार झाली होती, आणि तिची प्रत्येक पायरी का आहे हे फक्त त्यालाच ठाऊक होते. तपासणीसाठी डझनभर शब्दांची यादी होती, तीही त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर.

अडचण कशी उभी राहिली

पहिली दोन वर्षे तो एकटाच सगळे बघत होता. तक्रारी साचत होत्या, पण त्या ओळखीच्या माणसांच्या असल्यामुळे फोनवर निभावून जात असे. मग एका सत्रात नवी मुंबईतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी टर्मवर्कसाठी ओपन सोर्स प्रकल्पांत भर घालण्याचे काम विद्यार्थ्यांना दिले आणि मर्ज झालेल्या, म्हणजे मूळ कोडमध्ये सामावून घेतलेल्या, प्रत्येक पुल रिक्वेस्टला (आपला बदल घ्यावा या विनंतीला) गुण ठेवले. मराठीशी संबंधित आणि जवळपासच्या माणसाचा म्हणून आमचा प्रकल्प त्यांच्या यादीत होता. नऊ दिवसांत पन्नासहून अधिक पुल रिक्वेस्टी आल्या. बहुतेकांत माहितीच्या फाइलीतले एखादे स्वल्पविराम, व्हेरिएबलचे बदललेले नाव किंवा योगदान देणाऱ्यांच्या यादीत स्वतःच्या नावाची भर, एवढेच होते.

हा अनुभव जगाला नवा नव्हता. २०१४ पासून दर ऑक्टोबरात भरणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात चार पुल रिक्वेस्टी केल्या की टी-शर्ट मिळत असे. २०२० साली त्यापायी इतक्या निरुपयोगी रिक्वेस्टींचा पूर आला, की ज्या प्रकल्पांनी आधी होकार दिला आहे तेवढ्यांतलाच सहभाग धरावा, असा बदल आयोजकांना उपक्रम चालू असतानाच करावा लागला. मोजणी मर्ज झालेल्या संख्येची असेल तर माणसे संख्याच आणून देतात. यात विद्यार्थ्यांचा दोष फारसा नाही, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे.

मूळ लेखकाने पहिल्या दिवशी सात-आठ रिक्वेस्टी वाचल्या, दोनांना उत्तर दिले, आणि मग वाचणेच थांबवले. त्याच सुमारास त्याच्या घरी आजारपण होते. कोणालाही काही न कळवता प्रकल्प सात आठवडे गप्प राहिला.

त्या ढिगात एका विद्यार्थिनीची एक रिक्वेस्ट होती, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त सलते ती हीच गोष्ट. तिने रफाराच्या अटींची शिडीच काढून टाकली होती. रफार किती घरे मागे न्यायचा हे मोजत बसण्याऐवजी, मागे जात जात संपूर्ण जोडाक्षराची सुरुवात शोधायची आणि 'र्' तिथे ठेवायचा, असा तिचा विचार होता. सोबत तिने स्वतः तपासलेले चाळीसेक शब्द दिले होते आणि 'दोन शब्दांत अजून अडते आहे, मदत हवी' असे प्रामाणिकपणे लिहिले होते. तिसऱ्या आठवड्यात तिने विचारले, 'सर, यात काही चुकले आहे का? सांगितले तर मी सुधारीन.' पाचव्या आठवड्यात तिने स्वतःच ती रिक्वेस्ट बंद केली.

पहिला निर्णय आणि त्याची किंमत

सातव्या आठवड्यात मूळ लेखकाने मला रिव्ह्यूसाठी मदतीला बोलावले आणि मर्ज करण्याचा अधिकारही दिला. उघड्या रिक्वेस्टींची यादी बघून मला अपराधी वाटले, आणि त्या अपराधीपणातच मी सुचवले, की ज्या बऱ्या दिसतात त्या आधी घेऊन टाकू आणि मग निवांतपणे सुधारू, म्हणजे निदान मुलांचा हिरमोड होणार नाही. एका शनिवार-रविवारात आम्ही चौदा रिक्वेस्टी मर्ज केल्या. बंद झालेल्या रिक्वेस्टी आम्ही उघडूनही पाहिल्या नाहीत.

त्या चौदांपैकी एकीत अटींच्या शिडीतल्या 'दुबार' वाटणाऱ्या दोन पायऱ्या काढून टाकलेल्या होत्या. त्या दुबार नव्हत्या. 'वार्षिक' नीट येत होता, पण 'कार्यकर्त्यांनी', 'पदाधिकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली' असे शब्द ठिकठिकाणी मोडू लागले. डझनभर शब्दांच्या यादीत त्यांतला एकही नव्हता. नवी आवृत्ती बाहेर पडली, वाचनालयाच्या ऑपरेटरने तिच्यावर भरवसा ठेवून तीन वर्षांचे अहवाल पुन्हा रूपांतरित केले आणि आधीच्या फाइलींच्या जागी ठेवले. मूळ फाइली सुरक्षित होत्या, पण आधीच्या रूपांतरित फाइलींवर एका निवृत्त मुद्रितशोधक काकूंनी दोन आठवडे बसून केलेल्या दुरुस्त्या त्यात पुसल्या गेल्या. काकू वाचनालयाच्या जुन्या सभासद, आणि हे काम त्या कोणतेही मानधन न घेता करत होत्या.

दुसरा प्रकार आणखी गंभीर होता. एका रिक्वेस्टीत, तपासणी सोपी व्हावी म्हणून, एका व्यावसायिक फॉन्टची फाइलच रेपोमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या सामाईक साठ्यात, टाकलेली होती. तो फॉन्ट वाटण्याचा अधिकार ना त्या विद्यार्थ्याला होता ना आम्हाला. फाइल काढून टाकून नवा कमिट (बदलाची नोंद) केला की काम झाले असे वाटते, परंतु गिटमध्ये, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या साधनात, जुना इतिहास तसाच राहतो आणि कोणीही तिथून फाइल उचलू शकतो. म्हणून इतिहासच पुन्हा लिहावा लागला. त्यानंतरचे सगळे कमिट क्रमांक बदलले, आणि ज्यांनी प्रकल्पाची प्रत घेतली होती त्या प्रत्येकाला ती नव्याने घ्यायला सांगावे लागले. दोन नियमित योगदानकर्त्यांचे चालू असलेले काम त्यात अडकले. त्यांपैकी एकाने चिकाटीने ते सोडवले, दुसरा पुन्हा आला नाही.

विचारात घेतलेले पर्याय

यानंतर आम्ही चौघे, म्हणजे मूळ लेखक, मी, काकू आणि टिकून राहिलेला एक विद्यार्थी, वाचनालयाच्या संदर्भ विभागात रविवारी सकाळी बसलो. पहिला पर्याय बाहेरच्यांचे योगदान घेणे थांबवण्याचा होता. कोड खुला राहील, पण बदल फक्त आम्ही दोघे करू. परवान्याच्या दृष्टीने यात गैर काही नाही आणि अनेक चांगले प्रकल्प असे चालतात. मूळ लेखकाचा कल इकडे होता. माझी अडचण एवढीच होती, की सात आठवडे प्रकल्प गप्प राहिला तो एकाच माणसावर सगळे अवलंबून असल्यामुळे, आणि एकाचे दोघे केल्याने ते दुखणे बरे होत नाही.

दुसरा पर्याय कडक नियमावलीचा होता. मोठ्या प्रकल्पांच्या धर्तीवर लांबलचक सूचना, कोडच्या मांडणीचे नियम, भरायचा नमुना. विद्यार्थ्याने यावर जे सांगितले ते मी वहीत लिहून ठेवले आहे : 'सर, नियम किती आहेत याने आम्ही थांबत नाही. आमचे बरोबर आहे की चूक, हे कुणीच सांगत नाही, तिथे आम्ही थांबतो.'

तिसरा पर्याय काकूंनी पुढे आणला. त्या सोबत एका जुन्या अहवालाची छापील प्रत घेऊन आल्या होत्या. टेबलावर ती उघडून, ओळीखाली फूटपट्टी ठेवून, पडद्यावरचा रूपांतरित मजकूर आणि छापील मजकूर त्या शब्दाशब्दाने ताडून पाहत होत्या. दोन पानांत त्यांनी एकोणीस मोडलेले शब्द काढले आणि ते चुकांच्या जातीप्रमाणे वेगवेगळे लिहिले : रफार आणि वेलांटी एकत्र, रफार आणि अनुस्वार एकत्र, अर्धे अक्षर आणि वेलांटी, आणि 'दुसऱ्या'सारखे शब्द. मग त्यांनी विचारले, 'हे कागदावर मी केव्हापासून करते आहे. तुमच्या यंत्राला ही यादी वाचता येत नाही का?'

यंत्राला ती वाचता येते, अगदी सहज. आजवर ती यादी कोणी मागितलीच नव्हती.

केलेली कृती

सर्वांत आधी जोड्यांची फाइल तयार झाली. एका साध्या तक्त्यात पहिल्या रकान्यात जुन्या फॉन्टातला मजकूर, दुसऱ्यात अचूक युनिकोड, तिसऱ्यात तो शब्द कोणत्या अहवालातल्या कोणत्या पानावरचा हे. काकू आणि त्यांच्या ओळखीचे आणखी दोघे निवृत्त शिक्षक तक्ता भरत, विद्यार्थी तो रेपोत नेऊन टाकत असे, आणि कोणतीही पुल रिक्वेस्ट आली की सगळ्या जोड्या आपोआप तपासल्या जात. नियम एकच ठेवला : रूपांतराच्या कोडमध्ये बदल करायचा असेल तर सोबत किमान एक अशी जोडी द्यायची, जी बदलाआधी चुकते आणि बदलानंतर बरोबर येते. कोडला हात न लावता नुसती जोडी दिली तरी ते पूर्ण योगदान धरायचे आणि त्या माणसाचे नाव यादीत घालायचे.

या एका नियमाने आमच्या मनातला दर्जा आणि माणसे यांच्यातला तंटा बराचसा मिटवला, कारण आपले बरोबर की चूक हे कळण्यासाठी नवख्याला आमची वाट पाहावी लागेना. तो स्वतःच्या संगणकावर तपासणी चालवून दोन मिनिटांत पाहू शकत होता. तपासणी आधीपेक्षा कितीतरी कडक झाली होती, तरीही त्या कडकपणामुळे सोडून गेलेला एकही माणूस मला आठवत नाही.

जोड्या गोळा करताना दोन निर्णय जपून घ्यावे लागले. मजकूर फक्त वाचनालयाच्या स्वतःच्या अहवालांतून आणि त्यांच्या लेखी परवानगीने घ्यायचा, दिवाळी अंकांतल्या कथा-कवितांतून नाही, कारण त्यांचे हक्क लेखकांचे असतात. दुसरे, अहवालांत देणगीदारांची आणि सभासदांची नावे-पत्ते होते. पहिल्या तक्त्यात काही नावे तशीच आली होती. काकूंनीच ती दाखवून दिली आणि त्या ओळी रेपोत जाण्यापूर्वी काढल्या गेल्या.

'दुसऱ्या' या शब्दाने वेगळाच पेच घातला. यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एक, 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, आणि दोन, साध्या 'र'ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे सांधणारे चिन्ह जोडून. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. आमच्या रूपांतरकात वेगवेगळ्या योगदानकर्त्यांनी वेगवेगळी तऱ्हा वापरली होती, त्यामुळे ग्रंथसूचीत 'दुसऱ्या' शोधले की निम्मीच पुस्तके सापडत. युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणाने, म्हणजे वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याच्या प्रक्रियेने, या दोन तऱ्हा एक होत नाहीत, आणि डोळ्यांनी तपासणाऱ्या काकूंना हा फरक दिसणे शक्यच नव्हते. 'ॲ'चे तसेच होते. त्याला स्वतंत्र जागा २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मिळाली, पण त्याआधीची, 'अ'वर चंद्र चढवण्याची सवय अजून चालू आहे. दोन्ही बाबतींत एकच रूप ठरवून लिहून ठेवले आणि दुसरे रूप बाहेर पडले तर तपासणी नापास होईल, अशी सोय केली. माणसाच्या डोळ्यांनी काय तपासायचे आणि यंत्राने काय, ही वाटणी इथे पहिल्यांदा नीट झाली.

पहिल्या उत्तराचा नियम करायला सोपा होता, पाळायला अवघड. कोणत्याही रिक्वेस्टीला तीन दिवसांत माणसाने लिहिलेले, मराठीतले उत्तर मिळेल, असे आम्ही प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर लिहिले. उत्तर नकाराचे असले तरी चालेल, 'या आठवड्यात पाहता येणार नाही, पुढच्या सोमवारी पाहतो' असे असले तरी चालेल. पाळी लावून घेतली. त्याच जोडीला 'नवख्यांसाठी' अशी खूण केलेली सोपी कामे मेंटेनरांनी स्वतः करायची नाहीत, असे ठरवले. हे मला जड गेले. दहा मिनिटांची दुरुस्ती समोर दिसत असताना ती दुसऱ्यासाठी तीन आठवडे ठेवून द्यायची, हे सवयीच्या विरुद्ध आहे.

महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनाही आम्ही भेटलो. मनात थोडी नाराजी घेऊन गेलो होतो, पण त्यांना आमच्या बाजूला काय घडते याची कल्पनाच नव्हती. आमच्या विनंतीवरून त्यांनी गुणांची पद्धत बदलली. मर्ज किती झाले याऐवजी, विद्यार्थ्याने दिलेल्या जोड्या आणि दुसऱ्या विद्यार्थ्याच्या बदलावर केलेला रिव्ह्यू पाहून गुण द्यायचे ठरले.

राहिला प्रश्न मर्जच्या अधिकाराचा, आणि त्यावर आमच्यात खरा मतभेद झाला. तिसऱ्या माणसाला अधिकार द्यावा असे मला वाटत होते. मूळ लेखकाने फाइली आकुंचित करणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या मार्च २०२४ मधल्या प्रकरणाची आठवण दिली. तिथेही थकलेला एकटा मेंटेनर होता, कामाला उशीर होतो म्हणून त्याच्यावर अनोळखी खात्यांवरून दबाव आणला गेला, बराच काळ चांगले काम करून विश्वास मिळवलेल्या एकाला अधिकार मिळाले, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार बसवले गेले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ का लागतो अशी शंका आली, म्हणून ते उघडकीस आले. आमचा प्रकल्प त्या मानाने चिमुकला, पण भीती खोटी नव्हती. शेवटी असे ठरले, की अधिकार द्यायचा, पण रूपांतराच्या गाभ्यातला बदल दोघांच्या संमतीखेरीज मुख्य शाखेत जाणार नाही, मेंटेनरचा बदलही नाही. एक्सझेडमध्ये घाताचा महत्त्वाचा भाग सर्वांना दिसणाऱ्या रेपोत नव्हता, तो फक्त डाउनलोडसाठी वाटलेल्या आवृत्तीच्या संग्रहात होता. म्हणून आमची प्रत्येक आवृत्ती कोणाच्याही लॅपटॉपवर तयार न होता सर्वांसमोर असलेल्या कोडमधून आपोआप तयार होईल, असेही केले. फॉन्टच्या प्रसंगानंतर प्रत्येक कमिटखाली 'हे देण्याचा मला अधिकार आहे' अशा अर्थाची सहीची ओळ बंधनकारक केली. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ही पद्धत २००४ पासून आहे.

परिणाम

पुढचे वर्ष शांतपणे गेले. जोड्यांची संख्या डझनावरून हजाराच्या घरात गेली आणि मोडलेल्या शब्दांसह आवृत्ती बाहेर पडण्याचा प्रकार पुन्हा घडला नाही. निदान जोड्यांत असलेल्या चुकांच्या बाबतीत नाही, आणि नवी जात सापडली की तिची जोडी त्याच दिवशी आत जाते. अधिकार असलेले आता तिघे आहेत. तिसरा तोच विद्यार्थी, जो आता घणसोलीत नोकरी करतो. मूळ लेखकाने मध्यंतरी दोन महिन्यांची पूर्ण सुट्टी घेतली आणि त्या काळात एक आवृत्ती त्याच्याशिवाय बाहेर पडली.

पहिल्या लाटेतल्या विद्यार्थ्यांपैकी मात्र दोघेच टिकले. नव्या पद्धतीनंतरच्या तुकडीतून चौघे अधूनमधून येतात. नियमित हातभार लावणाऱ्यांत आता कोड न लिहिणाऱ्यांची संख्या जास्त आहे, आणि ही गोष्ट आम्ही ठरवून केलेली नव्हती.

त्या विद्यार्थिनीची बंद रिक्वेस्ट आम्ही जोड्यांची फाइल उभी राहिल्यावर उघडून चालवून पाहिली. तिचा कोड काकूंच्या यादीतल्या दोन जाती सोडून बाकी सर्व ठिकाणी बरोबर होता, आणि तिने मदत मागितलेले दोन शब्द याच जातींतले होते. रफार आणि अनुस्वाराचे जोडचिन्ह आधी फोडून घेतले की तेही सुटत होते. म्हणजे चौदा रिक्वेस्टी मर्ज करून आम्ही जे मोडले, त्याचे उत्तर त्याआधीच आमच्याकडे आलेले होते. मी तिला पत्र लिहून क्षमा मागितली आणि तिचा कोड घेण्याची परवानगी विचारली. तिने लगेच होकार दिला, सहीची ओळ पाठवली, आणि आता दुसऱ्या एका प्रकल्पात काम करत असल्याने इकडे वेळ देता येणार नाही, असे सौजन्याने कळवले. गिटमध्ये लेखक आणि कमिट करणारा यांची नोंद वेगळी राहते, त्यामुळे तो बदल तिच्याच नावावर आहे.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या आठवड्यात एक ओळीची सूचना लावता आली असती : 'घरच्या अडचणीमुळे अमुक तारखेपर्यंत रिक्वेस्टी पाहता येणार नाहीत.' त्याला पाच मिनिटे लागली असती. मूळ लेखक म्हणतो, की तेव्हा त्याला तसे लिहिणे म्हणजे हार मानल्यासारखे वाटले. हे मी समजू शकतो, आणि म्हणूनच आता सुट्टीची सूचना ज्याची पाळी असेल त्याने लावायची, सुट्टीवर जाणाऱ्याने नाही.

चौदा रिक्वेस्टी एकदम घेण्याऐवजी आठवड्याला दोन घेतल्या असत्या तरी तपासणीच्या यादीचा तोकडेपणा पहिल्याच आठवड्यात उघडा पडला असता. मी अपराधीपणातून घाई केली. विद्यार्थ्यांना हवे होते ते उत्तर, आणि मी त्यांना मर्ज दिले. बंद झालेल्या रिक्वेस्टीही आधी वाचायला हव्या होत्या, कारण जो माणूस वाट पाहून निघून जातो त्याने बऱ्याचदा मनापासून काम केलेले असते.

काकूंना पहिल्या वर्षीच विचारायला हवे होते. त्यांचे कागद वाचनालयाच्या कपाटात होते आणि मूळ लेखक दर महिन्याला त्या कपाटासमोरून जात होता. प्रोग्रामरांच्या प्रकल्पाला प्रोग्रामरच लागतात, असे आम्ही न तपासता गृहीत धरले होते.

एका मुद्द्यावर आमचे अजून एकमत नाही. तीन दिवसांत उत्तर देण्याचे वचन तिघांच्या बळावर पेलते, पण परीक्षा, गणपती आणि दिवाळीच्या आठवड्यांत ते दोनदा मोडले आहे. मुदत आठवड्याची करावी असे मूळ लेखकाचे म्हणणे आहे. तीन दिवसच ठेवावेत आणि उत्तर देण्यापुरती पाळी काकूंसारख्या कोड न लिहिणाऱ्यांनाही द्यावी, असे माझे. दुसऱ्या एका फॉन्टकुळाचे काम हाती घ्यायचे आहे. त्याच्या फाइली बेलापूरच्या एका शाळेकडून आल्या आहेत आणि पहिल्या साठ जोड्या काकूंनी भरून ठेवल्या आहेत. ते सुरू होण्याआधी हा निर्णय घ्यावा लागेल, आणि त्यासाठी पुढच्या रविवारी वाचनालयात पुन्हा बसायचे ठरले आहे.